नदीत पाय न टेकलेला पूल

मुंबईला जाणारा माणूस बोरीबंदरला उतरतो आणि उतरल्याबरोबर मुंबईत असतो. कलकत्त्याचे तसे नाही. आपल्याकडून कलकत्त्याला जाणारी गाडी कलकत्त्याला पोहोचतच नाही! ती हुगळी नदीच्या अलीकडच्या काठावर, हावडा स्टेशनात येऊन थांबते. शहर नदीपलीकडे, आणि मध्ये तो पूल. शहराने २००१ साली कोलकाता हे नाव घेतले, पुलाला १९६५ सालीच ‘रवींद्र सेतू’ हे नाव मिळाले. पण हमालापासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो त्याला ‘हावडा ब्रिज’ म्हणतो. मीही या लेखात तेच म्हणणार आहे, आणि जुन्या सवयीने शहराला कलकत्ता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब कलकत्त्याला गेलो. नागपूर, रायपूर, टाटानगर करीत आझाद हिंद एक्सप्रेसने आम्हांला हावड्याला आणून सोडले. आमच्या मंडळींचे थोरले बंधू, म्हणजे मुलांचे मामा, नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. उभा जन्म त्यांनी हावड्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढला. ते आणि मामी आम्हांला घ्यायला आले होते. मी टॅक्सीकडे वळलो, तशी मामांनी माझा हात धरला.

“दाजी, हा पूल टॅक्सीतून पाहायचा नसतो. सामान घेऊन या दोघी पुढे जातील. मुलांना घेऊन आपण चालत जाऊ.”

“दोन रात्रींच्या प्रवासाने मुले दमली आहेत हो, दादा!” आमच्या मंडळींनी तक्रार केली. पण मुलांनी केव्हाच मामांचे बोट धरले होते.

पुलावर पाऊल ठेवले आणि पहिली जाणीव झाली ती आवाजाची. बसगाड्यांची घरघर, हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या खाली पायांना जाणवणारी एक सूक्ष्म थरथर. मधला रस्ता ७१ फूट रुंद आणि दोन्ही बाजूंना १५-१५ फुटांचे पदपथ. आपल्याकडे एवढ्या रुंदीत एखादी पेठ वसेल. तरीही चालायला जागा म्हणून नव्हती. माथ्यावर झेंडूच्या माळांचे भारे घेतलेली माणसे, मासळीच्या पाट्या, कागदाचे गठ्ठे, कोंबड्यांच्या टोपल्या, ऑफिसचे डबे, शाळेची दप्तरे! ओझेवाल्याला वाट द्यायची हा तिथला अलिखित कायदा. तो “ए भाई, ए दादा” करीत येतो, आणि कोट घातलेला साहेबसुद्धा निमूटपणे कठड्याला चिकटतो. सांगतात की या पुलावरून रोज सुमारे एक लाख वाहने जातात आणि पायी चालणारी माणसे त्याहूनही जास्त.

मधोमध आल्यावर आमच्या चिरंजीवांनी कठड्यावरून खाली डोकावून पाहिले. खाली गढूळ पाणी, त्यात होड्या, एक फेरीबोट. मग त्यांनी वर पाहिले. डोक्यावर पोलादाचे अवाढव्य जाळे.

“मामा, याचे खांब कुठे आहेत?”

“नदीत एकही नाही,” मामा म्हणाले. “एका काठाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या काठाच्या मनोऱ्यापर्यंत १५०० फूट. त्या १५०० फुटांत या पुलाने पाण्यात पाय टेकलेला नाही.”

ही काही इंजिनिअरांची हौस नव्हती. त्यामागे ऐंशी वर्षांची खटपट आहे.

कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी होती आणि रेल्वे येऊन थांबली होती ती नदीच्या अलीकडे. तेव्हा १८६२ साली बंगाल सरकारने ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज टर्नबुल यांना पुलाची जागा पाहायला सांगितले. त्यांनी नकाशे काढले, हिशेब केले आणि सांगितले की इथला चिखल इतका खोल आहे की पायाचा खर्च परवडायचा नाही, शिवाय जहाजांची वाट अडेल. मग १८७४ साली सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी तोडगा काढला. पायाच नको! पाण्यावर तराफे तरंगत ठेवायचे आणि त्यांवर रस्ता टाकायचा. हा तरंगता पूल पुरा होण्याआधीच, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, वादळात नांगर तुटलेली एक आगबोट त्यावर येऊन आदळली आणि तीन तराफे बुडाले. तो पुन्हा उभा केला आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षे वापरला.

पण त्याची एक पंचाईत होती. मोठे जहाज आले की मधला २०० फुटांचा तुकडा बाजूला करून वाट द्यावी लागे. तेवढा वेळ रस्ता बंद! इकडे बैलगाड्यांची रांग, तिकडे गाडी चुकलेल्या प्रवाशांची बोंब. घाटातल्या फाटकाशी दहा मिनिटे खोळंबलो तरी आपण कपाळाला आठ्या घालतो. इथे सबंध शहर खोळंबायचे. १९०६ पासून पक्क्या पुलाचा विचार सुरू झाला. समित्या बसल्या, समित्या उठल्या, मध्ये पहिले महायुद्ध होऊन गेले. अखेर १९३५ साली कायद्याची पक्की तरतूद झाली आणि १९३६ साली काम सुरू झाले.

अट एकच होती, पण जबर होती: नदीत खांब नको. हुगळीचे पाणी मातीने लदलेले असते. खांब घातला की त्याच्या आडोशाला पाणी मंदावते, माती खाली बसते, आणि पाहता पाहता बंदराची वाट उथळ होते. त्यातून ही भरती-ओहोटीची नदी. समुद्राचे पाणी कधी कधी भिंतीसारखे उभे राहून उलटे वर धावते. बंदर बुडाले तर पूल काय कामाचा? म्हणून लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन या इंजिनिअर मंडळींनी जो आराखडा केला तो ‘कँटिलिव्हर’ जातीचा.

हे कँटिलिव्हर प्रकरण मुलांना कसे समजावायचे याची मला काळजी होती. मामांना नव्हती. त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यात दोन खुर्च्या चार हातांच्या अंतरावर समोरासमोर न ठेवता शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर स्वतः बसले, दुसरीवर मला बसवले. दोघांनी दोन्ही हात बाजूंना पसरायचे. प्रत्येक हातात काठीचे एक टोक. काठीचे दुसरे टोक तिरपे खाली येऊन खुर्चीच्या बैठकीशी टेकवलेले. बाहेरच्या दोन हातांना मामींनी दोऱ्यांनी तांदळाच्या दोन जड पिशव्या बांधल्या, त्या जमिनीवर टेकलेल्या. आतल्या दोन हातांच्या काठ्यांमधून एक फळी टांगली आणि तीवर आमच्या धाकटीला अलगद बसवले. मामी तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

धाकटी अधांतरी! तिच्याखाली काहीही नाही. माझे दंड ताणले गेले, काठ्या खुर्चीवर करकचून दाबल्या गेल्या, आणि बाहेरची तांदळाची पिशवी जमिनीवरून किंचित उचलल्यासारखी झाली, पण उचलली गेली नाही.

“आता सांगा,” मामा म्हणाले, “हिला कोणी धरले आहे?”

“बाबांनी आणि तुम्ही,” चिरंजीव म्हणाले.

“आणि आम्हांला?”

चिरंजीवांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “तांदळाने!”

हाच तो पूल. खुर्चीवरची माणसे म्हणजे दोन काठांवरचे मनोरे, पायापासून २८० फूट उंच. ताणलेले हात म्हणजे वरच्या तुळया, दाबल्या गेलेल्या काठ्या म्हणजे खालच्या. बाहेरच्या बाजूचा बाहू ३२५ फुटांचा, जमिनीत नांगरलेला, तेच तांदूळ. आतल्या बाजूचा बाहू ४६८ फूट नदीवर पुढे आलेला. असे दोन बाहू दोन काठांवरून आले की मध्ये ५६४ फुटांची फट उरते. तिच्यात जो तुकडा टांगला आहे ती आमची धाकटी. बेरीज करून पाहा, बरोबर १५०० फूट भरतात. आणि रस्ता? तो या सगळ्या सांगाड्याला खालून टांगलेला आहे. पोलादी टांगण्यांच्या ३९ जोड्या त्याला तोलून धरतात. त्या टांगण्या लक्षात ठेवा, वाचकहो. पुढे त्यांच्याशी काम आहे.

हा खुर्च्यांचा खेळ मामांचा नव्हे. स्कॉटलंडच्या फोर्थ नदीवरचा पूल बांधताना सर बेंजामिन बेकर यांनी १८८७ साली लोकांना असाच प्रयोग करून दाखविला होता, आणि मधल्या फळीवर काइची वातानाबे या जपानी इंजिनिअरला बसविले होते. १८९० साली उघडलेला तो फोर्थचा पूल आणि कॅनडातला १९१७ सालचा क्वेबेकचा पूल, हे दोन सोडले तर हावडा ब्रिज पुरा झाला तेव्हा या जातीत जगात त्याच्याहून लांब गाळ्याचा पूल नव्हता.

मनोरे काठावर असले तरी काठ कसला? सगळा गाळ. म्हणून आधी विहिरी उतरविल्या. आपल्याकडे विहीर खणतात आणि मग बांधतात; इथे आधी बांधायची आणि मग खालची माती उपसत तिला खाली उतरवायची. एकेक विहीर १८१ फूट लांब आणि ८१ फूट रुंद, आत २१ चौकोनी कप्पे. कलकत्त्याच्या बाजूची १०३ फूट खोल गेली तेव्हा टेकली, हावड्याच्या बाजूची ८७ फुटांवर. मातीतून काय काय निघाले! नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी, कंपनी सरकारची नाणी. एके रात्री खालची माती एकाएकी खचली आणि ते अगडबंब धूड एका झटक्यात दोन फूट खाली बसले. धक्का एवढा की खिदिरपूरच्या भूकंपमापकाने त्याची भूकंप म्हणून नोंद केली. काठावरचे एक देऊळ पडले. ते मागाहून पुन्हा बांधून दिले.

एवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. पुलाला २६,५०० टन पोलाद हवे आणि विलायतेहून येणारे पोलाद आता युद्धाला लागले. तेव्हा उरलेला भार टाटांनी उचलला. २३,००० टन पोलाद जमशेदपूरने दिले, आणि तेही साधे नव्हे, ‘टिस्क्रोम’ नावाचे खास ताण सोसणारे. ही टाटांची कंपनी १९०७ साली स्थापन झाली ती आपल्या मुंबईत; आणि मयूरभंजात उत्तम लोखंड आहे असे पत्र टाटांना १९०४ साली लिहिले ते प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने. मुंबईचा उद्योग आणि बंगालची विद्या या पुलाच्या पोटात अशी एकत्र आहेत. तुळया घडविल्या कलकत्त्याच्याच कारखान्यांनी. ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन नावांची मिळून झालेली कंपनी ते काम करीत होती.

हे सगळे जोडले आहे ते रिव्हेटांनी, नटबोल्टांनी नव्हे. लालबुंद तापविलेला रिव्हेट भोकात घालायचा, दोन्हींकडून ठोकायचा. तो निवताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट आवळतो. दोन काठांवरून असे एकेक पाऊल बाहू पुढे सरकत गेले, आणि अखेर मधले तुकडे जुळविण्यासाठी प्रत्येकी ८०० टन शक्तीचे १६ जॅक लावले. दोन्ही अर्धे एकमेकांना भेटले.

या पुलाला सुमारे अडीच कोटी रुपये लागले. एवढा खर्च, एवढा खटाटोप. उद्घाटनाला लाटसाहेब, बँड, पताका असणार, नाही? काही नाही! डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बाँब पडले होते. शहरात अंधार पाळला जात होता. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, गाजावाजा न करता, रात्रीच्या वेळी पूल वाहतुकीला खुला केला. पहिल्याने वरून गेली ती एक एकटी ट्रामगाडी. भाषण नाही, फीत नाही. पुढे त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला. पुलाच्या कौतुकाला कोणाला उसंत नव्हती.

सकाळी पूल उतरून आम्ही कलकत्त्याच्या बाजूला पाऊल ठेवले, तेव्हा मामा एकदम थांबले आणि मिस्कीलपणे म्हणाले, “दाजी, अखेर आलात ना मराठे कलकत्त्यात!”

मुलांना काही कळेना. मग त्यांना १७४२ ची गोष्ट सांगितली. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर तेव्हा बंगालात शिरले होते. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच ‘मराठा खंदक’. मराठे कलकत्त्यावर चालून गेले नाहीत, खंदक अर्धाच राहिला आणि मागाहून बुजवून त्यावर रस्ता झाला. पण बंगाली आया मुलांना झोपवताना ‘बर्गीं’चे भय घालीत आल्या. “त्यांनी बंगाली माणसाला फार लुटले,” मामा गंभीरपणे म्हणाले, “हेही मुलांना सांगा.” मी सांगितले. एका काळी ही नदी आपल्यापासून लोकांचे रक्षण करणारी भिंत होती. आज तिच्यावरून आपण सुखाने चालत आलो, आणि फुलांच्या बाजारातल्या म्हाताऱ्याने धाकटीच्या वेणीसाठी एक शेवंती फुकट दिली.

परत पुलाकडे येतो, त्या टांगण्यांकडे.

पूल म्हातारा झाला आहे, पण थकलेला नाही. १९९२ साली दक्षिणेला विद्यासागर सेतू झाला, १९९३ साली हावडा ब्रिजवरून ट्राम बंद झाली, आणि २०२४ च्या मार्चपासून नदीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली. त्याच्या डोक्यावरचा भार असा थोडा थोडा हलका होतो आहे. त्याने बाँबहल्ल्यांचे दिवस पाहिले, वादळे पाहिली. २४ जून २००५ रोजी भरतीच्या पाण्यावर चढलेल्या एका मालवाहू जहाजाचे धुराडे पुलाखाली अडकले. तीन तास अडकून होते. पुलाला इजा झाली, दुरुस्ती झाली, पूल उभा राहिला.

पण २०११ साली तपासणी करणारे अधिकारी खाली वाकले आणि चकित झाले. टांगण्या जिथे रस्त्याला भेटतात तिथे आत पाणी मुरू नये म्हणून पायथ्याशी पोलादी टोपणे बसविली आहेत. त्यांची जाडी होती ६ मिलिमीटर. चारच वर्षांत ती ३ मिलिमीटरच्याही खाली आली होती. कशाने? वाऱ्याने नव्हे, पाण्याने नव्हे, शत्रूने तर नव्हेच. येताजाता पान आणि गुटखा खाऊन थुंकणाऱ्या माणसांनी! एकाने थुंकून काय होते? काहीच होत नाही. पण रोज लाखांनी माणसे जातात. शेवटी त्या पायथ्यांना फायबरग्लासची आवरणे घालावी लागली. थुंकी पुसता येते, धुता येते. ज्या पुलाला भूकंपाचा, वाऱ्याचा, आगगाडीएवढ्या ओझ्याचा हिशेब ठाऊक होता, त्याच्या आराखड्यात या एका गोष्टीसाठी रकाना नव्हता.

मामांनी मला पदपथावरचे ते पायथे दाखविले. आवरणांवरही लाल पिचकाऱ्या होत्याच. माझ्या बाजूने एक हमाल गेला. डोक्यावर दीड-दोन मणांचा भारा, मानेच्या शिरा ताठ. आमच्या देखत तो कठड्याजवळ गेला, तोंडातले नदीत थुंकला, आणि पुढे चालू लागला. मामा म्हणाले, “पाहिलेत? त्याला माहीत आहे. हा पूल पडला तर त्याचे पोट पडेल. इस्त्रीचा सदरा घालून बसच्या खिडकीतून थुंकणाऱ्याला ते माहीत नाही.”

मी दिवाणखान्यातल्या त्या प्रयोगाचा विचार करीत होतो. मधली मुलगी सुखरूप होती ती बाहेरच्या तांदळाच्या पिशवीमुळे, आणि त्या पिशवीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. उद्या कोणी येताजाता त्यातला मूठभर तांदूळ नेला असता, तर त्या दिवशी काही बिघडले नसते. रोज नेला असता तर?

सार्वजनिक वस्तू मोडते ती बहुधा अशीच. आपल्या शनिवारवाड्याच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावे पाहा, किंवा आपल्या एस. टी. स्थानकांचे कोपरे पाहा. कलकत्त्याला नावे ठेवायला आपल्याला तोंड नाही. उलट तिथल्या माणसांनी मोजमाप घेऊन दुखणे ओळखले आणि वेळेवर औषध केले, हे शिकण्याजोगे आहे.

तेव्हा वाचकहो, कलकत्त्याला जाल तर हावड्याला उतरून लगेच टॅक्सी करू नका. पहाटे पोहोचलात तर फारच उत्तम. स्टेशनासमोरच फेरीबोटीचा धक्का आहे. थोडक्या पैशांत बोट तुम्हांला नदीच्या मध्यावर नेते. तिथून पूल सबंध दिसतो, दोन काठांवरून पुढे झुकलेला, पाण्याला न शिवलेला. मग एकदा पायी पुलावरून या. मुलांना टांगण्या मोजायला सांगा. ओझेवाल्यांना वाट द्या. पलीकडे पायऱ्या उतरलात की मल्लिक घाटाचा फुलबाजार लागतो. सकाळच्या उन्हात तो डोळे भरून पाहावा.

आणि कलकत्त्याचे मिठे पान फार नामांकित आहे. ते अवश्य खा. पण पूल उतरल्यावर.